नव्या डिस्कची टिकटिक

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच आहे असं सगळ्यांचं मत आहे, आणि तो माणूस मी नाही. तो मान सुहासचा. सुहास माझा चुलतभाऊ, कोल्हारच्या नृसिंहकाकांचा एकुलता एक. तो पुण्यात आयटीत आहे. म्हणजे एका आयटी कंपनीच्या लोकांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या कुठून किती वाजता सुटतील, ते तो बघतो. पण रोज कंपनीच्या गेटातून आत जातो आणि गळ्यात पट्टा घालतो, एवढं काकांना पुरतं. मी नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते, दिवसभर यंत्रं उघडते, पुसते, दुरुस्त करते. घरच्या कार्यात मात्र माझ्यापुढे लोक रक्ताचे रिपोर्ट धरतात. लॅबमध्ये आहेस ना, मग शुगर जास्त आहे का ते सांग.

तर पौषातल्या एका रविवारी सकाळी सुहासच्या आईचा, म्हणजे दमयंतीकाकूचा, फोन आला.

"यामिनी, कॉम्प्युटरची नवीन डिस्कपण वाजतेय गं. टिकटिक, टिकटिक. आणि आता तर मध्येच बंदच पडतो."

"नवीन कधी घातली?"

"दिवाळीत. सुहासने. जुनी गेली म्हणाला." मग तिने आवाज खाली आणला. काका जवळपास असणार. "जुनी ठेवलीय मी. देवघराच्या कपाटात ठेवा म्हणून सांगितलं होतं ह्यांना. त्यातलं माझं काही निघेल का?"

"तुझं काय होतं त्यात?"

"पुस्तक," काकू म्हणाली. "सगळंच."

मला त्या पुस्तकाबद्दल माहीत होतं. घरात बहुधा मला एकटीलाच. काकूची सगळी नोकरी पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. काका कोल्हारला पूजा सांगणार, पत्रिका बघणार, सुहासला आजीकडे सोपवणार, आणि काकू तिकडे एका खोलीत राहून शाळा चालवणार. शनिवारी एस्टीने यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं. काका शनिवारी संध्याकाळी स्टँडवर सायकल घेऊन उभे असायचे, एवढं एक त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बाकी ती तिथे काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दसरा झाला की तिथली निम्मी शाळा आईबापांबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यांकडे जायची. उरलेल्या बाकांसमोर उभं राहून शिकवायचं, मागे राहिलेल्या मुलींना स्वतःच्या खोलीत ठेवून घ्यायचं, आणि उन्हाळ्यात कोण परत आलं आणि कुणाचं लग्न उरकून टाकलं ते बघायचं. निवृत्त झाल्यावर काकू मराठी टायपिंग शिकली आणि हे सगळं लिहायला बसली. नगरच्या एका प्रकाशकाला तिने दोन प्रकरणं वाचून दाखवली होती. आता त्याला संपूर्ण पुस्तक हवं होतं, आणि संक्रांतीनंतर तो थांबणार नव्हता.

प्रत एकच उरली होती, त्या डिस्कवर. दुसरी एका पेनड्राइव्हवर होती. गणपतीत काकांना मांडवातल्या स्पीकरसाठी आरत्या हव्या होत्या, तेव्हा सुहासने तो पेनड्राइव्ह 'साफ करून' दिला. त्यात काय आहे ते उघडून बघण्याची तसदी त्याने घेतली नाही. आयटीतला माणूस, त्याला वेळ कुठला.

मी स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी घेतली आणि मनमाड रस्त्याचे धक्के खात कोल्हारला पोचले. रस्त्याचा राग, सुहासचा राग, सगळा एकत्रच होता.

काका ओसरीवरच भेटले. उपरणं सावरत म्हणाले, "आलीस? बरं झालं. सुहासला व्हिडिओ कॉल लावून ठेवू का? म्हणजे तो सांगेल तसतसं तू कर."

"नको काका. आधी मी बघते."

"बघ बाई. पण काही हलवू नकोस त्याला विचारल्याशिवाय."

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. काकांचं सगळं पत्रिकांचं काम त्यावर चालतं. गिऱ्हाईकासमोर बटणं दाबून पत्रिका काढली की वजन पडतं, हे त्यांना फार लवकर कळलं होतं. मॉनिटरवर लाल मखमली झाकण, त्याला सोनेरी झालर. खालच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक. डब्याचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि समोर टेबलफॅन.

"हे झाकण कधीपासून काढलंय?"

"उन्हाळ्यापासून. तापत होता. सुहास म्हणाला, हवा लागू दे आत."

मी बटण दाबलं. मखमलीखाली पडदा उजळला आणि डब्यातून आवाज आला. टिक. टिक. टिकटिक. काकू दारात उभी होती. हात पदराला पुसत होती, पण ते केव्हाच कोरडे झालेले होते.

"हाच आवाज," काका म्हणाले. "दसऱ्यानंतर सुरू झाला. मग चालता चालता बंद पडायला लागला. सुहासने मला फोन डब्याला लावून धरायला सांगितला. तिकडून त्याने नुसता ऐकला आणि सांगितलं, डिस्क गेली. पुण्यात बसून! नुसत्या आवाजावरून!"

ते हे अशा कौतुकाने सांगत होते की माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुहासने कुठला तरी व्हिडिओ पाहिलेला असणार. मरायला टेकलेली डिस्क टिकटिक करते हे खरं आहे. पण टिकटिक करणारी प्रत्येक गोष्ट डिस्क नसते. जुनी काढून दुसऱ्या मशीनला लावून बघायची, एवढी साधी गोष्ट. आमच्या लॅबमध्ये शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात ती.

"आणि नवीन बसवल्यावर आवाज थांबला होता?"

"नाही. जरा कमी झाला, पण होताच. सुहास म्हणाला, नवीन आहे, रुळेल."

रुळेल! नवी सून आहे की काय ती?

मी मशीन बंद केलं, डब्याशी खाली बसले आणि मोबाईलची बॅटरी लावून नवी डिस्क बघितली. चपटी, हलकी, आजकाल मिळते तसली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी असते, ती फिरते, म्हणून ती बिघडली की वाजते. या नव्या प्रकारात आत काही फिरतच नाही, काही हलतच नाही. ती जळेल, मरेल, पण टिकटिक करणार नाही. तिच्याकडे टिकटिक करायला काही नाहीच.

"काका," मी म्हटलं, "ही डिस्क वाजूच शकत नाही. हिच्यात हलणारं काहीच नसतं."

"मग काय वाजतंय? सुहास तर म्हणाला..."

"सुहासला राहू द्या."

मी उजेड पंख्यावर धरला. मधल्या मोठ्या चिपवर एक छोटा पंखा असतो, तो फिरला नाही तर ती चिप तापते आणि मशीन आपोआप बंद पडतं. त्या पंख्याच्या पात्यांवर लालसर पिवळं पुट बसलं होतं. ओल्या हातांनी टाकलेलं हळदकुंकू, वाळून घट्ट झालेलं. खालच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. आणि पात्याच्या कडेला, पंखा फिरला की बरोबर आपटेल अशा जागी, कुंकू लावलेला तांदळाचा दाणा उभा रुतला होता.

"काका, खंडेनवमीला याची पूजा केली होतीत?"

"म्हणजे काय!" काकांना प्रश्नच अपमानास्पद वाटला. "दरवर्षी करतो. आपलं हत्यार आहे ते. यंदा तर झाकण उघडंच होतं. म्हटलं, वरवर डब्याला कशाला, थेट आतच अक्षता वाहू. पाणीही शिंपडलं, पण अगदी बेताचं. फुलाने."

"यंत्र चालू होतं?"

"मग? बंद पडलेल्याची पूजा करतात का कुठे?"

माझ्या तोंडून जे बाहेर पडलं असतं ते त्या स्वस्तिकासमोर बोलण्यासारखं नव्हतं. काकूकडून शिवणाच्या डब्यातला चिमटा मागून घेतला, दाणा काढला, पाकळ्या काढल्या, जुन्या टूथब्रशने पाती घासली आणि पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला.

काका जरासे खट्टूच झाले. एवढ्या मोठ्या आजाराचा शेवट तांदळाच्या दाण्यात व्हावा हे त्यांना पटत नव्हतं. काकूला मात्र सगळं आधी कळलं.

"म्हणजे यामिनी... जुनी डिस्कसुद्धा..."

"चांगलीच असणार. तिला काहीच झालेलं नसणार. आण, मी आत्ता जोडून दाखवते. तुझं पुस्तक जसंच्या तसं असेल."

काकू हसली. तिला तसं हसताना मी सुहासच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ती जवळजवळ पळतच देवघरात गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग डबे सरकवल्याचा. मग पोथ्या हलवल्याचा. ती दारात परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"अहो, डिस्क कुठे आहे?"

काकांनी उपरणं पुन्हा खांद्यावर घेतलं. ते आधीच नीट होतं.

"ती ना... ती मी सोडली."

"सोडली म्हणजे?"

"अगं, इतकी वर्षं तिची पूजा केली आपण. दर खंडेनवमीला कुंकू लागलं तिला. ती निकामी झाली, म्हणजे भंगारवाल्याला द्यायची? पायाखाली येऊ द्यायची? मूर्ती भंगली तर आपण काय करतो? त्रिपुरी पौर्णिमेला लाल कापडात बांधली, नारळ ठेवला आणि रीतसर विसर्जन केलं. प्रवरेत."

मी काकूकडे बघितलंच नाही. बघवलं नसतं.

"काका, तिने सांगितलं होतं ना जपून ठेवा म्हणून?"

"ठेवलीच होती की. पण सुहासला विचारलं मी. त्याच्या शब्दाबाहेर गेलो नाही. म्हणाला, बाबा, तिचा आता काहीही उपयोग नाही, काय करायचं ते करा."

मग मी सुहासला फोन लावला, स्पीकरवर. तो कुठल्याशा मॉलमध्ये होता. मी दाण्याबद्दल सांगितलं, डिस्कबद्दल सांगितलं. त्यावर त्याने अक्कल पाजळली.

"पण आईने बॅकअप का नाही घेतला? मी नेहमी सांगतो, बॅकअप घ्या."

"बॅकअप घेतला होता तिने. गणपतीत तू पुसलास."

"तो पेनड्राइव्ह? अगं, त्यात नुसतं 'नवीन फोल्डर' होतं. नाव पण दिलेलं नव्हतं. मला वाटलं असतील आईच्या काहीतरी पाककृती."

काकू माझ्या शेजारी उभी होती, तिने ते ऐकलं. सुहास शाळेत असताना दर सोमवारी पहाटे त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून ती एस्टी गाठायची, आणि पुस्तकात एक अख्खं प्रकरण त्या पहाटेबद्दल होतं. मला तिने वाचून दाखवलं होतं. मी फोन बंद केला. निरोप घेण्याच्या लायकीचा तो नव्हता.

"चला काका," मी म्हटलं. "कुठे सोडलीत ती दाखवा. पाण्यात पडलेल्या डिस्कमधूनही काढून देणारे लोक असतात. मिळाली तर अजून आशा आहे."

काका जागचे हलले नाहीत. त्यांना खरोखरच धक्का बसला होता, पण डिस्कमुळे नाही.

"भलतंच काय? विसर्जन केलेलं परत घेत नाहीत."

"विसर्जनाच्या मंत्रात तर 'पुन्हा या' असंच म्हणता ना तुम्ही?"

"ते देवांना."

"आणि डिस्कला काय म्हणालात?"

काका चपला घालून निघाले. काकूही निघाली, घरातल्याच साडीवर.

घाटावर गोरक्ष भेटला. नदीकाठीच राहतो, मासे धरतो, लोकांचं निर्माल्य आणि मूर्ती टायरच्या ट्यूबवर बसून मधल्या पाण्यात नेऊन सोडतो. काकांनी त्याच्याच हातात ती लाल पुरचुंडी दिली होती.

"व्हय, म्याच सोडली की," तो म्हणाला. "पार मधी, डोहात. काका म्हनले, कडंला नगं, कुनाच्या पायात यील. लई जड हुती. म्हनलं, कुनाच्या तरी अस्थी असत्याल डबीत. म्या हात बी जोडले."

काकू म्हणाली, "बरोबर केलंस तू."

"काढता येईल का रे?" मी विचारलं.

त्याने पाण्याकडे बोट केलं. वरच्या धरणातून पाणी सुटलेलं होतं, नदी दोन्ही काठांना लागून चालली होती, गढूळ आणि घाईत. "आता न्हाई, ताई. लई वढ हाय. उन्हाळ्यात पानी उतरल्यावर मारीन बुडी. पर तवर गाळात किती आत गेली आसंल, देवाला ठावं."

काकांनी नदीला नमस्कार केला. सवयीने. मला त्यांना हलवून हलवून विचारावंसं वाटलं की हा नमस्कार नक्की कशाबद्दल. माणसं निर्जीव डब्याला कुंकू लावतात, त्याच्या पोटात अक्षता घालून त्याला मारतात, मग सन्मानाने त्याचं विसर्जन करतात, आणि या सगळ्यात घरातल्या बाईला एकदाही विचारत नाहीत की बाई, तुझं काही आहे का यात. डिस्कची पूजा झाली. पुस्तकाकडे कुणी बघितलंही नाही. हे सगळं मी मोठ्याने बोलले, तिथेच, घाटावर, गोरक्षसमोर. काकांनी मान खाली घातली. काकूने माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल घरी. ऊन होतंय."

घरी आल्यावर वाटलं, ती आता आत जाऊन पडेल. रडेल तरी. तिने माठातलं पाणी घेतलं, तोंड धुतलं, आणि पुढच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरपुढची खुर्ची ओढली.

"अहो, बसा."

"मी?"

"माझी बोटं दुखतात आता. तेव्हा एवढी दुखत नव्हती. तुम्ही टाईप करा, मी सांगते. जेवढं आठवेल तेवढं."

"अगं, पण मला तुझं ते... मला फक्त नाव, जन्मवेळ आणि गाव एवढंच येतं टाकता."

"तीच अक्षरं लागतात," काकू म्हणाली.

काका बसले. मी मखमली झाकण उचलून बाजूला भिरकावलं, नवं पान उघडलं आणि फोल्डरला ठळक नाव दिलं. दोन ठिकाणी प्रत राहील अशी सोयही करून ठेवली. ती दुसरी प्रत नगरला माझ्याकडे राहणार होती, सुहासपासून आणि सगळ्या सणावारांपासून लांब. तरी मला माहीत होतं, आता जे होईल ते तेच पुस्तक नसणार. त्यातल्या कितीतरी मुलींची नावं काकूला ते लिहिता लिहिता आठवली होती. ती पुन्हा आठवतील की नाही ते कुणी सांगावं? प्रकाशकही थांबेल की नाही, ते कुणाला ठाऊक?

काका एका बोटाने कळा शोधत होते. पुस्तकाचं शीर्षक टाकायलाच त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी चष्मा वर सरकवला. बिचाऱ्यांना काहीतरी चांगलं करावंसं वाटलं असावं.

"शीर्षकानंतर एक पान असतं ना? अर्पण केल्याचं? त्यावर काय घालू?"

"होतं ते पान," काकू म्हणाली. "सगळ्यात आधी लिहिलं होतं मी ते. तुमचं नाव होतं त्यावर. दर शनिवारी सायकल घेऊन स्टँडवर उभे असायचात म्हणून."

काकांचं बोट कळेवर तसंच राहिलं.

"मग... घालतो ना मी ते," ते हळूच म्हणाले. "सांग, कसं होतं?"

"विसर्जन झालेलं परत घेत नाहीत," काकू म्हणाली. "पुढचं पान घ्या. प्रकरण पहिलं. लिहा."